चॉकलेटची कीर्ती



कामगार चळवळीतल्या माणसाने चॉकलेटवर बोलावे, तेही त्याच्या कामोत्तेजक म्हणून असलेल्या लौकिकावर, हे ऐकून काही मंडळी गालात हसली, ते आम्ही पाहिले. हसण्यास हरकत नाही. पण पगाराच्या दिवशी कारखान्याच्या फाटकाशी शिलाजिताच्या नावाने पुड्या विकणारे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. कष्टाचा पैसा असल्या कीर्तीवर कसा उडतो, हे आम्हांस ठाऊक आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे, बाकी सारे वाचनालयात. पण त्या बळावर या कीर्तीचे मूळ आम्ही शोधले.

ते सापडते मेक्सिकोत. 1519 साली कोर्तेसबरोबर गेलेल्या बेर्नाल दियास या स्पॅनिश शिपायाने म्हातारपणी त्या स्वारीची हकीकत लिहिली. ती छापली गेली 1632 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. मोक्तेसुमा राजाला सोन्याच्या पेल्यांतून कोकोचे पेय देत, आणि ते स्त्रीसंगासाठी असते असे म्हणत, असे तो सांगतो. ‘म्हणत’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. कारखान्यातल्या चौकशीत असली ऐकीव साक्ष आम्ही एका मिनिटात उडवून लावतो. त्या मुलखात कोकोच्या बिया नाणे म्हणून चालत. म्हणजे राजा पैसाच पीत होता म्हणा ना! अशा पेयाला गुण चिकटायला कितीसा वेळ?

आता शास्त्र. चॉकलेटात थिओब्रोमीन असते, थोडे कॅफीनही. चहाइतपत तरतरी येते. प्रेमाचे रसायन म्हणून गाजवलेले फेनिलइथिलअमाइनही असते, पण खाल्ल्यावर ते मेंदूपर्यंत पोचण्याआधीच बहुतेक सारे मोडून जाते. 2006 साली इटलीतल्या डॉक्टरांनी 163 स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. रोज चॉकलेट खाणाऱ्यांत कामेच्छा अधिक दिसली खरी; पण वयाचा हिशेब घालताच तो फरक नाहीसा झाला. चॉकलेट खाणाऱ्या स्त्रिया वयाने लहान होत्या, एवढेच!

तरी कीर्ती टिकली, कारण ती खपते. 1860 नंतरच्या दशकात इंग्लंडात कॅडबरीने हृदयाच्या आकाराच्या पेट्या काढल्या. पुढे त्याच कंपनीचा कोको मोठ्या प्रमाणात साओ तोमे या पोर्तुगीज बेटावरून येऊ लागला. तेथले मजूर अंगोलातून करारावर आणलेले. करार नावाचा, परतीची वाट नाही. हेन्री नेव्हिन्सन नावाचा पत्रकार 1904 साली तिकडे गेला. मजुरांना हाकत नेत त्या वाटेवर त्याला लाकडी खोडे आणि माणसांची हाडे दिसली. कंपनीने 1909 मध्ये तिथली खरेदी बंद केली. त्याच वर्षी, याच प्रकरणावर लिहिणाऱ्या एका वृत्तपत्राविरुद्धचा अब्रूनुकसानीचा खटलाही तिने जिंकला. भरपाई किती? एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी!

आज जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. 2018-19 च्या हंगामात तेथे 15 लाखांहून अधिक मुले कोकोच्या कामाला जुंपलेली आढळली, असे शिकागो विद्यापीठातील संस्थेचा 2020 चा अहवाल सांगतो. कोकोचे फळ कोयत्याने फोडतात. पुष्कळ मुलांच्या हाती तो कोयता होता.