अंतःकरणातील शल्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज एकत्र जमलो आहोत, त्यांच्या शाळेत बौद्ध धर्माच्या मूलतत्त्वांवर बोलण्याची आज्ञा मला झाली. विषय अफाट आहे. म्हणून एका मराठी पंडिताचे बोट धरून मी त्यात शिरणार आहे.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली गोव्यातील साखवाळ गावी झाला. तेव्हा तो मुलूख, आपल्या या सिल्वासाप्रमाणेच, पोर्तुगीजांच्या अंमलाखाली होता. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाचा ध्यास लागला. (शाळेतील जुन्या मासिकांची रद्दी काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) १८९९ साली त्यांनी घर सोडले; पुणे, काशी, नेपाळ असे भटकत १९०२ साली ते सिंहलद्वीपात पोहोचले आणि पाली शिकले.

दुःख आहे, तृष्णा हे त्याचे कारण, तृष्णेचा निरोध शक्य आहे, आणि त्याचा उपाय आर्य अष्टांगिक मार्ग. ही चार आर्यसत्ये आपले विद्यार्थी उत्तरपत्रिकेत बिनचूक लिहितात. परंतु दुःख म्हणजे केवळ जरा, व्याधी व मृत्यू असे धरले की हा धर्म संसाराला विटलेल्यांचा वाटू लागतो. म्हातारा, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही कथा त्या समजुतीला खतपाणी घालते. एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे कोणाला पटावे?

कोसंबींनाही ही कथा मान्य नव्हती. त्यांनी सुत्तनिपातातील ‘अत्तदण्ड सुत्ता’कडे बोट दाखविले. येथील ‘अत्त’ म्हणजे आत्मा नव्हे, ‘आदत्त’, घेतलेला. हाती दंड घेतलेला माणूस हा या सुत्ताचा विषय. उथळ पाण्यात तडफडणाऱ्या माशांप्रमाणे माणसे एकमेकांशी झगडताना पाहून आपल्याला भय वाटले, असे बुद्ध तेथे सांगतात. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याशी कोसंबींनी हे भय जोडले. पाण्यावरून माणूस कोणत्या थराला जातो, हे दमणगंगेच्या काठी राहणाऱ्यांना मी सांगायला नको.

इतिहास म्हणून हा निष्कर्ष मला काहीसा ओढून आणलेला वाटतो. मूळ सुत्तात रोहिणीचे नाव नाही. ती कथा अट्ठकथांमध्ये येते, आणि तेथे बुद्ध तंटा मिटवितात ते बोधिप्राप्तीनंतर. परंतु सिद्धान्त म्हणून कोसंबींची दृष्टी अचूक होती. त्याच सुत्तात पुढे बुद्धांना भांडणाऱ्यांच्या हृदयात रुतलेले एक दुर्लक्ष्य शल्य दिसते. ते टोचते म्हणून माणूस दिशाहीन धावतो; ते उपटले की धावणे थांबते. रोग, कारण, उपशम आणि उपचार, सारे तेथेच आहे. दीघनिकायातील ‘महानिदान सुत्त’ तर ही साखळी कडीकडीने उलगडते. तृष्णेतून शोध, शोधातून लाभ, लाभातून आसक्ती व परिग्रह, मग मात्सर्य, मग राखण. आणि राखणीपोटी दंड व शस्त्र हाती घेणे, कलह, असत्य. मनातील हाव आणि बांधावरची मारामारी यांमध्ये बुद्धांनी भिंत घातलेली नाही.

म्हणूनच अष्टांगिक मार्गात सम्यक समाधीच्या जोडीला सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीव आहेत. शस्त्रे, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये, असे अंगुत्तरनिकाय सांगतो. आपल्या या कारखान्यांच्या गावात ‘पोटासाठी काय करावे’ या प्रश्नाइतकाच ‘काय करू नये’ हा प्रश्नही वर्गात निघावा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. १९५७ साली, त्यांच्या निधनानंतर, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धार्थ रोहिणीच्या पाण्यासाठी पुकारलेल्या युद्धाला शाक्य संघात विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार आर्यसत्ये मूळ उपदेशातील आहेत काय, अशी शंकाही बाबासाहेबांनी उपस्थित केली आहे. त्यांचा आक्षेप माणसाला आशा न देणाऱ्या दुःखवादावर होता, आणि तो रास्त होता. मात्र दुःखाचा अर्थ अत्तदण्ड सुत्ताप्रमाणे लावला, तर आर्यसत्ये सोडावी लागत नाहीत, असे मला नम्रपणे वाटते. कोसंबी १९४७ साली सेवाग्राम येथे निवर्तले. हा ग्रंथ त्यांना पाहता आला नाही.