फुटलेलं धरण पुन्हा बांधताना



धरण फुटलं की चार दिवस वर्तमानपत्रं भरून येतात. मग मंडळी पांगतात. आज बोलायचं आहे ते त्या पाचव्या दिवसापासून पुढचं.

पानशेतचं उदाहरण घेऊ. तारीख १२ जुलै १९६१. मातीचं धरण. भिंतीखालून पाणी सोडणाऱ्या मोरीचं आणि तिच्या दरवाजांचं काम पुरं झालेलं नव्हतं, तरी पावसाळ्याचं पाणी अडवलं गेलं. मोरीतून सुटलेल्या पाण्याच्या माऱ्याने ती खिळखिळी झाली, वरचा भराव खचत गेला आणि सकाळी धरण फुटलं. त्या लोंढ्यापुढे दुपारी खडकवासल्याचं १८७९ सालचं दगडी धरणही टिकलं नाही. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या.

पूर ओसरला, पण पुण्याचे नळ खडकवासल्याच्या पाण्यावर चालत होते. ते कोरडे पडले. भर पावसाळ्यात लोक वाड्यांतले आड, जुन्या विहिरी, कात्रजहून येणारं पेशव्यांच्या वेळचं पाणी शोधू लागले. हंडे कोणी वाहिले, हे या सभेत विचारायला नको! धरण फुटल्याच्या नुकसानीत घरं मोजली जातात, पूल मोजले जातात. हे वाहणं कुठल्या रकान्यात जातं?

मातीचं फुटलेलं धरण बांधणं म्हणजे नुसतं भगदाड बुजवणं नव्हे. आधी नदी वळवायची, सैल माती काढून पक्क्या थरापर्यंत जायचं, मग भराव थराथराने घालून दाबायचा. मध्ये पाणी न झिरपणाऱ्या मातीचा गाभा आणि त्याच्यामागे वाळूचा गाळणथर. नवी माती जुन्या भिंतीला जिथे भेटते, तिथेच जास्त जपावं लागतं. पानशेत पुन्हा उभं राहायला १९७२ उजाडलं. इतक्या अवधीत एखादी मुलगी पाणी भरता भरता सासरी जाते.

आणि भिंत उभी राहिली म्हणजे नदी परत आली, असंही नाही. खडकवासल्याचं पाणी शहराला आणि कालव्याने दौंड-इंदापूरकडच्या शेतीला जातं. खाली मुठेच्या पात्रात पावसाळा सोडला तर मुख्यतः शहराचं सांडपाणीच वाहतं.

आता तिवरे. चिपळूण तालुक्यातलं हे धरण २ जुलै २०१९च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर एका मंत्र्यांनी खेकड्यांना दोषी ठरवलं. खेकड्यांना वकील मिळत नाही, त्यामुळे ते सोयीचे.

धरणाच्या पायथ्याशी धुणं धुणारी, गुरं पाजणारी बाई गळती सगळ्यांत आधी बघते. मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच. तो स्वच्छ आणि रोजच्याइतकाच असेल तर एक गोष्ट. तो वाढला, गढूळ झाला, म्हणजे पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय. ती धोक्याची खूण. असं दिसलं तर तारीख, जागा, पाण्याचा रंग कागदावर लिहा, ग्रामपंचायतीत आणि पाटबंधारे खात्यात द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्यात येणाऱ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी व्हायलाच हवी, संकटकाळी काय करायचं याचा आराखडा असायलाच हवा. आपलं धरण त्यात येतं का, आणि येत असेल तर तो आराखडा कुठे आहे, हे विचारा.

दुरुस्तीला पैसा मंजूर झाला की आणखी दोन गोष्टी मागायच्या. धरण होईपर्यंत घराजवळ पाणी, आणि तेही दुरुस्तीच्याच खर्चात धरून. आणि पंचनामा. तिथे कुटुंबप्रमुख म्हणून पुरुषाचं नाव पडतं, तो गेला तर दिराचं किंवा सासऱ्याचं. शेळ्या तिच्या, शिलाईचं यंत्र तिचं, भांडी तिची. चेक मात्र दुसऱ्याच्या नावाचा. तलाठी दारात असतानाच बोला, नाव घालून घ्या. यादी तालुक्याला गेल्यावर ते बदलून घेताना किती खेटे पडतात, हे इथे बसलेल्या निम्म्याजणींना माहीत आहे.