नोंदी आपल्या, सूची आपोआप
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या जयसिंगपुरात पाहुण्याला पत्ता सांगणं सोपं. गल्लीचा नंबर दिला की माणूस बरोबर दारात येतो. राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं हे गाव आखून-रेखून उभं आहे. कॉम्प्युटरमधल्या वह्यांनाही असाच नंबर लागतो, त्याबद्दल थोडं बोलतो.

आपल्यातली काही घरं 'विकी' लिहितात. विकी म्हणजे पानं एकमेकांना जोडलेली वही. 1995 साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिला विकी इंटरनेटवर आणला. 2004 मध्ये जेरेमी रस्टन यांचा टिडलीविकी आला, त्यात आख्खी वही एका फाईलमध्ये मावते. कुणी पाककृती लिहितं, कुणी वंशावळ. सगळ्या फाईली सोसायटीच्या सर्व्हरवर एकाच फोल्डरमध्ये आहेत.

मध्यंतरी आपले एक ज्येष्ठ सभासद गेले. पाण्याची लाईन कुठून जाते, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या विंगचा, हे त्यांनी नीट लिहून ठेवलं होतं. पण कुठल्या फाईलमध्ये, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लाईन फुटली तेव्हा दोन दिवस फरशा उकरल्या.

त्यानंतर एक छोटा प्रोग्रॅम लावला. रोज रात्री तो फोल्डर धुंडाळतो, प्रत्येक फाईलचं शीर्षक आणि बदलल्याची तारीख वाचतो आणि यादीचं पान नव्यानं तयार करतो. पहिल्याच सकाळी काकांची वही यादीत दिसली. हातानं ठेवलेली यादी चार महिन्यांत मागे पडते. ही पडत नाही.

एक गंमत सांगतो. कॉम्प्युटर 'ळ' ला 'ल' च्या मागे बसवतो आणि 'क्ष' ला 'क' मध्ये घुसवतो. आपली वर्णमाला त्याला वेगळी शिकवावी लागली!

ज्ञानकोशकार केतकरांनी ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचीखंड जोडला होता. लिहिलेलं सापडलं नाही तर ते असून नसल्यासारखंच.

यादीला पासवर्ड आहे, आणि 'खाजगी' खूण केलेली वही तीत येत नाही. तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. वहीला 'नवीन 1' असं नाव देऊ नका, आत काय आहे ते शीर्षकात लिहा. आणि पासवर्ड घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.