घाईच्या घटकेचा विवेक

(महोत्सवपूर्व त्रिदिन-उपासनेत केलेले प्रवचन)



महोत्सव म्हणजे पूर्वजांच्या निर्णयांची फळे कृतज्ञतेने हाती घेण्याचा दिवस होय. आपणही नित्य निर्णय करितो व त्यांची फळे आपल्या लेकरांस चाखावी लागतील. त्यांतही अति कठीण निर्णय तो, जो वेळ सरत आली असता करावा लागतो. अशा घटकेस श्रद्धा कोणता मार्ग दाखविते, ह्याचा आज विचार करू.

संत मत्तयाने संत योसेफाचे दोन प्रसंग वर्णिले आहेत. मरिया गर्भवती आहे असे कळताच त्या नीतिमान पुरुषाने आकांत मांडिला नाही. तिची बेअब्रू होऊ नये म्हणून तो मनाशी विचार करीत राहिला, आणि त्या विचारातच त्यास देवदूताचा संदेश मिळाला. पुढे हेरोद बाळाच्या जिवावर उठल्याचे कळले, तेव्हा मात्र त्याने उजाडण्याचीही वाट पाहिली नाही. रात्रीच बाळास व मातेस घेऊन तो मिसर देशास निघाला. एकदा धीर, एकदा त्वरा; परंतु दोन्ही वेळी अंतःकरण देवाच्या आज्ञेत.

विचार सावकाश करावा आणि ठरल्यावर विलंब लावू नये, असेच संत थॉमस अक्वायनस ह्यांनी १३व्या शतकात शिकविले. अविचारी घाईस ते पायऱ्या गाळून खाली कोसळण्याची उपमा देतात. त्या पायऱ्या अशा: मागील गोष्टींचे स्मरण, सांप्रत स्थितीचे ज्ञान, पुढील परिणामांची दूरदृष्टी, साधकबाधक विचार आणि वडीलधाऱ्यांचे ऐकण्याची तयारी.

१५२१ साली पांपलोना येथे तोफेच्या गोळ्याने जायबंदी झालेले संत इग्नेशियस लोयोला अंथरुणावर पडल्या पडल्या स्वतःच्या विचारांची पारख करू लागले. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या ग्रंथास १५४८ साली पोप तिसरे पॉल ह्यांची मान्यता मिळाली. मन खिन्न असता पूर्वीचा निश्चय बदलू नये आणि उत्साहाच्या भरात घाईने व्रत घेऊ नये, असे ते सांगतात. शिवाय, सैतानास गुप्तता प्रिय असते; त्याची कुजबुज सुज्ञ धर्मगुरूस सांगताच त्याचा डाव फसतो, असेही ते बजावितात.

ही शिकवण आज किती लागू पडते पाहा. दलाल इसाराची रक्कम पुढे करून म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत सही करा, भावांस विचारीत बसू नका.’ फोनवर कोणी पोलीस असल्याची बतावणी करून वृद्ध माउलीस म्हणतो, ‘तुम्हांस डिजिटल अरेस्ट झाली आहे, मुलांस सांगाल तर खबरदार!’ आपल्या कायद्यात अशी अटक मुळी नाहीच. फोन ठेवावा, घरच्यांस हाक मारावी. पैसे गेले असल्यास विलंब न लावता १९३० ह्या सरकारी क्रमांकावर कळवावे. ज्या घाईस सल्ल्याचे भय वाटते, ती घाई देवाकडची नव्हे, हे पक्के ध्यानात असू द्या.

परंतु खरी निकडही असते. मध्यरात्री रुग्णालयात शस्त्रक्रियेस संमती द्यावी लागते. तेथे धोका कोणता, न केल्यास काय होईल, दुसरा उपाय आहे काय, एवढे विचारावे. प्रभूचे नाव घ्यावे आणि सही करावी. पुढे जे घडेल ते त्याच्या हाती सोपवावे. जेवढे कळत होते तेवढ्यावर प्रामाणिकपणे निर्णय केला असता, विपरीत घडले तरी स्वतःस जन्मभर दोषी ठरवू नये. देवाने आपणांकडून विवेक मागितला आहे, सर्वज्ञता नव्हे.

दहा कुमारींच्या दाखल्यातील तेल ऐन वेळी उसने मिळाले नाही. तद्वत् विवेकही आयत्या वेळी उसना मिळत नाही. तो रोज रात्रीच्या आत्मपरीक्षणाने, कुटुंबाच्या एकत्र प्रार्थनेने आणि घरात मोकळेपणाने बोलण्याच्या सवयीने थेंबाथेंबाने साठतो. पवित्र मरियेच्या विनवणीमालेत १९०३ साली पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘सुमंत्रणेची माता’ हे नाव घातले. ती माता आपल्या घरांस धीर आणि त्वरा, दोहोंची योग्य वेळ ओळखण्याची कृपा मिळवून देवो. आमेन.