गोल चट्टा आणि परस्पर आणलेलं मलम

पावसाळ्यात जांघेत, कमरेवर खाज सुटलेले रुग्ण दवाखान्यात वाढतात. कडा उठावदार, खवलेदार आणि मधला भाग निवळलेला असा गोल चट्टा दिसला की डॉक्टरांना गजकर्णाची शंका येते. खात्रीसाठी कडेचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू शोधतात. पण दुकानातून परस्पर आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम आधीच लावलेलं असेल, तर ही ओळखीची कडाच पुसट होते. खाज काही दिवस थांबते, बुरशी मात्र पसरत राहते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब सोबत न्याच. आणि फिकट चट्टा खाजत नसेल, तिथे स्पर्शच कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी लगेच करून घ्या. सरकारी दवाखान्यात त्यावरचं औषध मोफत मिळतं.