गांडुळांचें खत

परभणी जिल्ह्यांतील काळ्या रानांत फाल्गुनाच्या सुमारास संध्याकाळीं जागोजाग धूर दिसतो. चुलीला पुरून उरलेल्या पऱ्हाट्या व तुराट्या शेतकरी बांधावर पेटवून देतो. त्या धुरांत जमिनीचें अन्न जळतें, हें पस्तीस वर्षें मुलांना शिकवूनहि माझ्या शेतांत मीं कांहीं केलें नव्हतें.

सेवानिवृत्त झाल्यावर हौसेनें गांडुळें आणलीं. डार्विनसाहेबानें मृत्यूच्या आदल्या वर्षीं, १८८१ सालीं, गांडुळांवर आख्खा ग्रंथ लिहिला, एवढें पुस्तकी ज्ञान मजपाशीं होतें. ताज्या शेणाचा ढीग रचला, त्यावर गांडुळें सोडलीं. तिसऱ्या दिवशीं घरांतून ऐकूं आलें, "अहो, तुमचे विद्यार्थी वर्ग सोडून पळाले!" पाहतों तों निम्मीं मेलेलीं, उरलेलीं काठाशीं गोळा झालेलीं. ढिगांत हात घातला तों चटका बसला. ताजें शेण कुजतांना तापतें, हें मी विसरलों होतों. परभणीस १९७२ पासून कृषि विद्यापीठ आहे. आधीं तेथें विचारावयास हवें होतें. पण मास्तरांना विचारण्याची संवय नसते, सांगण्याची असते.

दुसऱ्या खेपेस शेण व बारीक केलेला काडीकचरा तीन आठवडे कुजवून निवूं दिला. मग लिंबाच्या सावलींत तीन फूट रुंदीचा वाफा घालून वर ओलें गोणपाट पसरलें. ओल किती असावी? मुठींत आवळल्यास गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये. आमच्याकडे वैशाखांत पारा चाळिशीपार जातो आणि पिण्याच्याच पाण्याचे हाल होतात. म्हणून हा उद्योग पावसाळ्याच्या अखेरीस आरंभिलेला बरा. खताचें तांबडें गांडूळ पालापाचोळ्यांत राहणारें. तें नांगरलेल्या रानांत नेऊन सोडणें व्यर्थ होय.

दोन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखें, मातीचा वास येणारें खत झालें. पाणी तोडून त्याचा उजेडांत ढीग केला, तेव्हां गांडुळें तळाशीं गेलीं आणि वरचें खत सहज काढतां आलें. ज्या श्रोत्यांच्या वांट्याला केवळ गॅलरी आली आहे, त्यांनाहि भाजीच्या देठांवर हें साधेल. मात्र मीठ-तिखटाचें खरकटें त्यांत नको.

माझें खत वांग्याच्या दोन वाफ्यांनाच पुरलें. पऱ्हाटीचें लाकूड गांडुळाला खाववत नाहीं. आधीं त्याचा भुगा करावा लागतो. तें यंत्र आमच्या गांवांत अद्याप आलेलें नाहीं. माझ्या पऱ्हाट्या बांधावरच पडून आहेत. यंदा मात्र त्यांना काडी लावलेली नाहीं.