जमात आणि न्याय



वक्ता कामगार संघटनेचा आणि विषय ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिराचा, हे पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते सभा आटोपल्यावर, एस.टी.च्या प्रवासात आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु माणसे एकत्र कशी येतात आणि एकत्र आल्यावर कशी वागतात, हे पाहण्यात आमचा जन्म गेला. त्या दृष्टीने आपल्याच महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाच्या इतिहासाने आम्हांला पुष्कळ शिकविले.

हे लोक कोकणातले आणि मराठी बोलणारे. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. दिवेकर, पेणकर, केहिमकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. धंदा तेलाच्या घाण्याचा. पोथ्या गेल्या, हिब्रू भाषा विसरली. पण शनिवारी घाणा जुंपायचा नाही, ही एक गोष्ट त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडली नाही. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले.

याचा अर्थ काय तो पाहा. त्यांच्या धर्मातील ही विश्रांती एकट्या मालकाची नाही. ती चाकराला आहे आणि बैलालाही आहे. उलट मुंबईच्या गिरण्यांत माणसाला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा भरविल्या, हजारोंच्या सह्यांचे निवेदन दिले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. कोकणातल्या घाण्याच्या बैलाला जे आपोआप मिळत होते, ते गिरणीतल्या माणसाला इतके झगडून घ्यावे लागले!

आता त्यांच्या जमातीकडे वळू. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेला जुन्या रिवाजाप्रमाणे निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. नऊ विद्वान जमले तरी चालत नाही. दहावा अडाणी मजूर आला की प्रार्थना सुरू होते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर कंपनी सरकारच्या पलटणीतील शमुवेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधले. त्याला ते लोक 'मशीद' म्हणत. जमातीच्या कारभाराला मुकादम असे, हिशेबाला गबई असे. तंटे जमातीपुढे येत आणि तेथेच त्यांचा निवाडा होई. मुकादम म्हटले की आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांपुढे उभा राहतो. शब्द एकच, पण तो मुकादम जमातीला जबाबदार, आणि हा उचल देऊन टोळीला बांधून घेणारा.

तेव्हा ही जमात निर्दोष होती काय? मुळीच नाही. तिच्यात 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' असा भेद होता आणि दोघांत बेटीव्यवहार नसे. देव एक, विश्रांतीचा वारही एक, तरी सोयरीक नाही! आपण हसण्याचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता, कारण धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा इतरांना विटाळ होई. १९२८च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कोठे तो मागण्यांत आला. लाल बावट्याखालीही जात उभी होती.

पुढे १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि बेने इस्राएल मंडळी तिकडे जाऊ लागली. तेथे काहींना रंगावरून भेद सोसावा लागला. त्यांनी बैठा सत्याग्रह केला आणि काही कुटुंबे १९५२ साली मुंबईला परतली. १९६२ साली तेथील धर्मपीठाने फर्मान काढले की, या लोकांचे विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या वंशाची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी पोथी नसताना शनिवार जपला, त्यांनाच विचारले, तुम्ही खरे ज्यू काय? १९६४च्या उन्हाळ्यात शेकडो बायकामाणसे जेरुसलेमला ठाण मांडून बसली. ऑगस्टमध्ये संसदेला जाहीर करावे लागले की हे लोक सर्व दृष्टींनी ज्यू आहेत. मागाहून धर्मपीठानेही फर्मानातून त्यांचे नाव काढले.

कोणी म्हणेल, ज्यांनी आपल्यातल्यांना 'काळे' म्हणून दूर ठेवले, त्यांनी न्याय कोणत्या तोंडाने मागावा? हा प्रश्न आम्हांलाही मालक विचारतात : आधी तुमची युनियन सुधारा, मग पगार मागा. आमचे उत्तर असे की, निर्दोष माणसे जमेपर्यंत थांबावयाचे, तर न्याय कोणीच मागू शकणार नाही. परंतु प्रश्न खोटा नाही. तो मालकाने विचारला म्हणून टाळू नये. आपणच आपल्याला विचारावा.

ज्यूंच्या धर्मग्रंथात न्यायाविषयीच्या एका आज्ञेत 'न्याय' हा शब्द लागोपाठ दोनदा येतो, आणि क्रियापद आहे ते पाठलाग करण्याचे. दोनदा का, यावर पंडितांनी पुष्कळ खल केला आहे. आम्ही आपला साधा अर्थ लावतो : एकदा दाराबाहेर आणि एकदा दाराच्या आत.

या जिल्ह्यात हंगामाला पाथर्डीकडची माणसे कारखान्यांच्या फडांवर जातात. आजारीपणात एक दिवस बसले तर तो 'खाडा', आणि त्याचे पैसे कापले जातात. त्यांना आठवड्याचा विसावा मिळवून देणे, हा दाराबाहेरचा न्याय. एक 'कोयता' म्हणजे नवराबायको दोघे. पण हिशेब नवऱ्याच्या नावे आणि उचलही त्याच्याच हातात. मोळी मात्र तिच्या डोक्यावर! तिचे नाव हिशेबाच्या वहीत आणि युनियनच्या पावतीपुस्तकात वेगळे लिहिले जाणे, हा दाराच्या आतला न्याय. पहिल्यासाठी मोर्चा काढता येतो. दुसऱ्यासाठी आपल्याच माणसांची नाराजी पत्करावी लागते.

बेने इस्राएलांपैकी बहुतेक आज परदेशी गेले आहेत. कोकणातल्या काही मशिदींत दहा माणसे जमणे अवघड झाले आहे. आपल्याकडे माणसांचा तोटा नाही. ज्या दहांत आपण बसतो, त्यांत कोण अजून दाराशी उभे आहे, एवढे पाहून त्याला आत घेतले, तरी न्यायाचा पाठलाग सुरू झाला असे आम्ही समजू.